चाळीसची सुई

सकाळी सात. आधी खाणं, मग सुई.
हा क्रम डॉक्टर हिंगमिऱ्यांनी तीनदा सांगितला,
चौथ्यांदा चिठ्ठीच्या पाठीवर लिहून दिला,
जसं काही मी प्रेसमध्ये अडतीस वर्षं
नोटा नाही, चिंचोके मोजले.

शाई आवाजावरून ताट शोधते.
उकडलेली कोंबडी, दुधी. भात बंद.
दोन महिने झाले, डोळ्यांवर साय धरलीय.

फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी
बाटली उभी. खाली गाळ, वर पाणी.
झटकायची नाही,
तळहातांत फिरवायची, वात वळतात तशी.
गाळ हळूच उठतो, सगळीकडे सारखा होतो,
दुधट.
तिच्या डोळ्यांसारखा, असं मला म्हणायचं नव्हतं.

सुई लाल टोपणाची, चाळीसची.
नाशिकरोडच्या केमिस्टने नारिंगी टोपणाची दिली होती,
शंभरची. "सुई ती सुई, मावशी."
मी ती काउंटरवर ठेवली आणि हात मागे घेतला नाही
त्याने बदलून देईपर्यंत.

"डुकराचं आहे," डॉक्टर पहिल्या दिवशी म्हणाले,
आवाज उतरवून, माझं आडनाव पुन्हा एकदा वाचून.
"डुकराचं नि कुत्र्याचं अक्षर न् अक्षर एक.
माणसाचं एका अक्षराने वेगळं.
ना घाईचं, ना रेंगाळणारं; मधल्या चालीचं,
म्हणून दिवसातून दोनदा.
तसं जुनंच औषध. पूर्वी माणसांनाही द्यायचे."

पूर्वी म्हणजे कधी, हे मी तिथे विचारलं नाही.
रिक्षात विचारलं, मनात.
उपनगरच्या सिग्नलला उत्तर आलं.

तात्या.
तांबट आळीत हंड्याच्या पोटावर
दिवसभर एका मापाचे ठोके घालणारे तात्या,
समोरच्या घरात अंडं फुटलं तरी खिडकी लावून घेणारे.
निकुंभ कंपाउंडर सायकलवरून यायचे,
काचेची सिरिंज पातेलीत खुळखुळायची,
आणि बाटलीवरचं लेबल नखाने खरवडलेलं असायचं.
मी सहावीत. विचारलं.
"ओलं होऊन निघालं गं, बाळ."
अकरा वर्षं, दर बाटलीला,
ओलं होऊन निघालं.

त्या अकरा वर्षांत माझी मॅट्रिक झाली,
प्रेसचं नेमणूकपत्र आलं.
पहिल्या पगाराचा पेढा तात्यांनी खाल्ला नाही,
बराच वेळ हातात धरून बसले.
तो हात कुणाच्या जिवावर ऊबदार होता
हे एकट्या निकुंभांना माहीत,
आणि त्यांच्या नखाला.

मागच्या मंगळवारी रात्री देवळालीकडे तोफांचा सराव.
शाई थरथरायला लागली. म्हटलं, तोफाच.
मग तोफा थांबल्या
आणि ती थांबली नाही.
घरात पिंपळगावच्या द्राक्षांची पाटी,
पण कुत्र्याला द्राक्ष म्हणजे विष.
काकवीची बाटली सापडेना, सापडली,
बोटाने हिरड्यांना चोळली,
पुन्हा चोळली, तिच्या बेशुद्ध दातांखाली बोट ठेवून.
पहाटे अडीचला तिने ते बोट चाटलं.
मी फरशीवर बसून रडले, आणि मग
डायरीत वेळ लिहिली. सवय.

आता आठाऐवजी सहा युनिट.
मानेमागची कातडी चिमटीत उचलायची, तंबू होतो,
तंबूच्या दारातून आत. ती शेपटी हलवते,
तिला कळतंही नसेल. किंवा कळतं.

आज शकूताई आलीय, चार दिवस राहणार.
तात्यांची मोठी मुलगी. एकादशी, चतुर्थी,
बाहेरचा पाव नाही, केक तर नाहीच.
लोणचं घ्यायला तिने फ्रिज उघडला.
"ही बाटली कसली गं?"
"शाईचं औषध."
"कशाचं असतं?"

लेबल धडधडीत छापलेलं. बारीक अक्षर,
पण ताईचा चष्मा नवा आहे.
मी म्हटलं, "संध्याकाळी सातला दाखवते. तू डोकं धर तिचं."
आणि बाटली उचलून, गार आहे का बघितल्यासारखं करून
परत ठेवताना
अक्षरं भिंतीकडे केली.